आमची एकुलती कॅसेट, ‘डिस्को खाडी’

आयुष्यात एकच कॅसेट काढली आम्ही. पण तिचे किस्से लग्नघराच्या दाराबाहेरच्या चपलांसारखे साचलेत, कुठला कोणाचा ते आता मलाही नीट सांगता येत नाही. बारशाला जा, दहाव्याला जा, कोणीतरी म्हणतंच, "सावंत, ते डिस्को खाडीचं सांग ना रे." कंटाळा येतो हो. पण सांगतो. मी नाही सांगितलं तर हरेश सांगेल, आणि तो प्रत्येक किश्शात स्वतःलाच हिरो करतो.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आमची वराती-हळदीत वाजवणारी बेंजो पार्टी तिघांची. हरेश माहुलच्या कोळीवाड्यातला, बेंजो त्याचा. सिद्धार्थ मानखुर्दचा, ढोलकी त्याची, गळा त्याचा, चालीही तोच लावायचा. मी घाटकोपरचा, मूळ मालवणकडचा. मावसभावानं मस्कतहून आणलेला ऑर्गन माझ्या घरात पडून होता म्हणून मला पार्टीत घेतलं. वाजवायला मी नंतर शिकलो.

* * *

प्रॅक्टिस हरेशच्या ओट्यावर. एका बाजूला बोंबील वाळत घातलेले, दुसऱ्या बाजूनं रिफायनरीचा वास. सिद्धार्थच्या डोक्यात एक खूळ होतं. ठेका कोळीगीताचा, शब्द चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीत गातात त्या गाण्यांसारखे, आणि वरून माझ्या ऑर्गनवर डिस्को. सगळं एकाच गाण्यात.

हरेशची आई बोंबील उलटत उलटत ऐकायची. एकदा उठून आली आणि म्हणाली, "हे लग्नाचं वाजवताय की मयताचं, ते एकदा ठरवा बाबांनो. त्याप्रमाणे मी साडी नेसते."

सिद्धार्थ म्हणाला, "मावशी, हे दोन्हीकडे चालेल."

"मग दोन्हीकडनं मार खाल," असं म्हणून ती परत बोंबलांकडे गेली.

* * *

कॅसेट काढणारा शेठ अंधेरीला, एका टेलरच्या दुकानावर त्याचं ऑफिस. खालून मशिनचा खडखडाट, वर आम्ही घामाघूम. शेठनं डोळे मिटून दोन गाणी ऐकली.

"कोळीगीत आहे?"

"आहे."

"जयंतीचं आहे?"

"तेही आहे."

"मग हा डिस्को कुठून आला मध्येच?"

हरेशनं माझ्याकडे बोट दाखवलं.

शेठनं कपाळ चोळलं. "भाई, दुकानदार ही कुठल्या खणात ठेवणार?"

"सगळ्या खणांत एक एक ठेवा," हरेश म्हणाला. "आम्ही कुठं नाही म्हणतोय?"

शेठ हो का म्हणाला ते मला आजही कळलेलं नाही. दमला असावा. ‘डिस्को खाडी’ हे नाव त्याचंच, आम्हाला विचारलं नाही.

* * *

सिद्धार्थला मात्र कॅसेट हवी होती ती एका गाण्यासाठी.

ते गाणं त्याच्या वडिलांचं, अण्णांचं. एके काळी अण्णांची गायन पार्टी होती. मानखुर्दपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही वस्तीत जयंतीला अण्णा उभे राहिले की लोक जेवणं टाकून यायचे. पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. बोलायचे ते नुसतं वाऱ्यासारखं, जवळ बसलं तरच ऐकू यायचं. आपल्या आईवर त्यांनी एक गाणं बांधलं होतं. ती जालन्याकडून येऊन इथं इमारतींवर पाट्या वाहायची, तिचं गाणं. आवाज होता तोवर कोणी रेकॉर्ड केलं नाही. अण्णांचं काहीतरी मागे राहावं, एवढंच सिद्धार्थचं म्हणणं होतं.

अण्णा म्हणाले, "शब्द ने. पण त्याला ढंगचिक चाल लावलीस तर मला ऐकवायला येऊ नको."

चाल आधीच लागलेली होती, आणि ढंगचिकच होती. सिद्धार्थला ते गाणं तसंच ऐकू यायचं, त्याला तो तरी काय करणार? घर एका खोलीचं. तो गुणगुणायला लागला की अण्णा उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचे. कट्टा खिडकीखालीच होता. बापलेकांचं बोलणंच कमी झालं. पोरगा सुकत चालला होता, आम्हाला दिसत होतं.

* * *

स्टुडिओत पहिल्याच दिवशी आमची वाट लागली. रेकॉर्डिस्टनं शांतपणे विचारलं, "गाणं संपतं कुठं?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. आमचं गाणं संपतच नाही. वरातीत एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, असंच चालतं. मंडप आला की थांबायचं, नाहीतर हवालदार आला की. शेवट कोणी बसवलाच नव्हता.

टेक सुरू झाला. काचेमागून तो हात हलवायला लागला. हरेशला वाटलं, त्याला आवडलंय. त्यानं स्पीड वाढवला. तो दोन्ही हात हलवायला लागला, हरेशनं आणखी वाढवला. शेवटी बिचारा आत आला आणि सिद्धार्थच्या ढोलकीवर तळहात ठेवून उभा राहिला.

"तुम्ही थांबता तरी कधी?"

"नवरा घोड्यावरून उतरला की," हरेश म्हणाला.

रेकॉर्डिस्टनं घाम पुसला. "मग आज उतरवा रे त्याला."

तरी सगळी गाणी लांबलीच.

* * *

कव्हरसाठी आम्ही चमकीचे शर्ट घालून, गॉगल लावून फोटो काढले. कॅसेट आली तर कव्हरवर नऊवारीतली एक बाई, हातात गिटार. आमच्यापैकी कोणी तिला ओळखत नव्हतं. नंतर बोरिवलीला एका हळदीत नवरीचा मामा मागेच लागला, "ती बाई कुठंय?"

"माहेरी गेलीय," हरेश म्हणाला, आणि बेंजो लावत बसला.

* * *

आता शेवटचा सांगतो, मग मला सोडा.

कॅसेट हातात आली तो रविवार. सिद्धार्थ म्हणाला, "चल ना यार घरी, मला एकट्याला जमणार नाही." गेलो. अण्णा खाटेवर बसलेले. सिद्धार्थनं कॅसेट नुसती त्यांच्या पायाशी ठेवली. म्हणाला, "तुमचं गाणं दुसऱ्या बाजूला शेवटी आहे. चाल माझी आहे. मी बाहेर जातो, तुम्हाला वाटलं तर आई लावेल."

अण्णा म्हणाले, "बस. लाव."

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आईनं दार लावून घेतलं. नवरा काय म्हणेल याचा तिला भरवसा नव्हता. गाणं सुरू झालं. अण्णा भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या कडव्यात, त्यांची आई पाटी उतरवते त्या ओळीच्या मध्यावर टेपरेकॉर्डरचं बटण खट्‌कन वर आलं. सिद्धार्थनं परत दाबलं, परत वर आलं. टेप संपली होती. गाणी लांबलेली, शेठनं मावलं तेवढं भरलं आणि उरलेलं तोडलं. आम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं.

"पुढं आहे, अण्णा," सिद्धार्थ म्हणाला. "आम्ही पूर्ण गायलो होतो हो." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला त्याच्याकडे बघवेना.

अण्णा भिंतीकडून इकडे वळले. मग मांडीवर बोटं वाजायला लागली आणि त्या गेलेल्या आवाजात, वाऱ्यासारख्या, त्यांनी तुटलेली ओळ तिथूनच उचलली. अख्ख्या मानखुर्दला पाठ असलेल्या त्यांच्या संथ चालीत नाही. सिद्धार्थच्या चालीत. तो जिथं झटका देतो तिथं झटका देऊन, अगदी शेवटपर्यंत.

सिद्धार्थनं कोपऱ्यातली ढोलकी ओढून घेतली. आईनं उठून दार सताड उघडलं.