दोन मिनिटांची अभ्यासिका

आमच्या ऑफिसात किस्से फार साचतात. आमचं काम बटण दाबून वाट बघण्याचं, आणि वाट बघणं मला जन्मात जमलेलं नाही. पाय हलतात, बोटं वळवळतात, उगाच काहीतरी दाबलं जातं. मग झालाच एखादा किस्सा!

ऑफिस म्हणजे खामगावात बी-बियाण्यांच्या दुकानावरची एक खोली. माणसं तीन: मालक संतोषभाऊ, प्रणाली आणि मी. न बांधलेली घरं आम्ही कॉम्प्युटरच्या कोडमध्ये बांधतो. भिंती, दारं, ऊन, सावली, सगळं लिहूनच. मग त्या घरातून एक खोटा कॅमेरा फिरवायचा, एकेक चित्र काढून जपायचं आणि ती चित्रं जोडून व्हिडिओ करायचा. एका सेकंदाला तीस चित्रं. आई अजून विचारते, "तू शूटिंग करतं म्हंतं, मंग कॅमेरा कुठी हाय?" मला अजून नीट सांगता आलेलं नाही.

*

सोनाळ्याचे एक काका नव्या घराचा व्हिडिओ बघायला आले होते. आम्ही सुरुवातीला झोकात 'सकाळ' असं लिहिलेलं. ओट्यावर वाफाळता चहा, खिडकीतून सोनेरी ऊन. मी खुर्चीच्या कडेवर, आता शाबासकी मिळते की मग!

काकांनी शांतपणे सगळं बघितलं. "घर मस्त हाय. पण हे गाव कोन्तं?"

"तुमचंच, काका. सोनाळा."

"मंग सकाळचा चहा होऊन राह्यला, अन् ऊन मावळतीकडून काऊन येऊन राह्यलं?"

संतोषभाऊ सावरून घ्यायला गेले. "इफेक्ट हाय तो, काका."

"इफेक्ट तुमच्या खामगावात ठेवा. आमच्या सोनाळ्यात सूर्य उगवतीलेच उगवते!"

प्रणालीनं कोडमधलं एक वजाचं चिन्ह खोडलं आणि सूर्य जागेवर आणला. काका म्हणाले, "पोरगी कामाची हाय." मी हळूच खुर्चीत मागे सरकलो.

*

ही प्रणाली पिंपळगाव राजाची. त्यांच्या वस्तीच्या मंडळाची बुद्धविहाराशेजारी मोकळी जागा आहे. तिथं अभ्यासिका व्हावी म्हणून ती वर्षभर मागे लागलेली. मंडळाचे अध्यक्ष तिचे सख्खे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आणि त्यांना तिथं दुकानांचे गाळे काढायचे होते!

प्रणालीची घाई धाकट्या बहिणीसाठी होती. कोमल भरतीची तयारी करते. घरात एक खोली, सहा माणसं आणि एक टीव्ही. म्हणून ती रोज एसटीनं खामगावच्या अभ्यासिकेत यायची. आता घरचे म्हणत होते, बस झालं जाणं-येणं. गावात अभ्यासिका झाली तर तिचा अभ्यास चालू राहणार, नाहीतर पुस्तकं माळ्यावर. फैसला रविवारी, वंदनेनंतरच्या बैठकीत.

आदल्या बैठकीत प्रणालीनं नकाशा नेला होता. मोठेबाबांनी त्याची घडी केली, मांडीखाली घेतली आणि त्या घडीवरच बसले. "कागदावर तं ताजमहालबी बांधता येते!"

सोमवारी ती ऑफिसात आली ती तणतणतच. "त्यायले कागद समजत नाही ना? आता आत नेऊनच दाखवते."

संतोषभाऊंनी आठवडाभर सगळ्यात चांगली मशीन तिला देऊन टाकली. वर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "पण ह्याले मशीनपासून दूर ठेव."

*

शुक्रवारी पहिला व्हिडिओ निघाला. आम्ही तिघं स्क्रीनपुढे. प्रणालीनं प्ले दाबलं. कॅमेरा दारातून घुसला, टेबलांवरून सुसाट गेला, कपाटाला वळसा घालून खिडकीशी आदळल्यासारखा थांबला. संपलं! दोन मिनिटांची सहल दोन सेकंदांत!

संतोषभाऊंनी चष्मा काढून पुसला. "हा अभ्यासाले आला, का त्याच्या मागं कुत्रं लागलं?"

चूक माझी होती. कॅमेरा कुठवर गेला हे मी खऱ्या घड्याळावरून ठरवलं होतं. एक चित्र काढायला मशीनला दोन सेकंद लागत होते, आणि तेवढ्यात कॅमेरा दोन सेकंदांचं अंतर चालून मोकळा! बिचारा माझ्यासारखाच, कुणासाठी थांबत नव्हता. प्रणालीनं घड्याळ काढून टाकलं. आता एक चित्र पूर्ण झालं की मगच कॅमेऱ्यानं एक पाऊल टाकायचं. दोन मिनिटांची छत्तीसशे चित्रं, म्हणजे दोन तास.

*

शनिवारी दुपारी बाराला रेकॉर्डिंग सुरू केलं. व्हिडिओ झाला की प्रणाली आणि कोमल दोघी संध्याकाळच्या बसनं जाणार होत्या. प्रणाली मला बजावून जेवायला गेली, "दादा, कशालेच हात लावू नको."

मी हात लावला नाही. फक्त मॅचचा स्कोअर बघितला! शेजारच्या टॅबमध्ये, एक मिनिट. मग तिथं एक विकेट पडली, मग दुसरी, मग मला राहवेना म्हणून खाली चहाला गेलो.

दोन वाजता प्रणालीनं येऊन बघितलं. छत्तीसशेपैकी दोनशे अकरा चित्रं! आमचं घर ब्राउझरच्या पानावर उभं राहतं, आणि ते पान समोर नसेल तर ब्राउझर चित्र काढायचंच थांबवतो. हे मला ठाऊक होतं. मीच तिला शिकवलं होतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझा माऊस उपटला, पर्समध्ये टाकला, चेन लावली. तेवढ्यात कोमल आली. "झालं का ताई?" म्हणाली आणि आमची तोंडं बघून दारातच खाली बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुन्हा पहिल्या चित्रापासून. मी दोन तास हातांवर बसलो, अक्षरशः मांडीखाली हात घालून. लाईट एकदा फडफडली तेव्हा तिघंही उभे राहिलो. चार-साडेचारला शेवटचं चित्र पडलं आणि कोमलनं मला पाणी आणून दिलं.

*

रविवारी मीही पिंपळगावला गेलो. घरी बसवलंच नसतं.

विहारात वंदना झाली, सतरंजीवर माणसं सावरून बसली. प्रणालीनं टीव्हीला लॅपटॉप जोडला. मोठेबाबा पुढे, काठी आडवी, चेहरा कोरा. त्यांच्या शेजारी मंडळातला सुरेश, तोही गाळ्यांच्याच बाजूनं. कोमल भिंतीशी उभी होती, ओढणीचं टोक पिळत.

व्हिडिओ सुरू झाला. दार, टेबलं, खिडकीतून सकाळचं ऊन, उगवतीकडूनच. वाचणारी चौदा माणसं. आमच्याकडे इंटरनेटवरून फुकटात घेतलेला एकच माणूस होता, निळ्या शर्टाचा, तोच चौदा खुर्च्यांवर बसवलेला. मागून एक आजी म्हणाली, "मायबाई, हे सारे एकाच मायचे काय?" विहार हसला. मोठेबाबा हसले नाहीत.

व्हिडिओ संपला. मी पाय हलवायला लागलो, प्रणालीनं बघितलं, मी थांबलो.

"परत लाव," मोठेबाबा म्हणाले.

परत लावला.

"अजून एक डाव."

तिसऱ्यांदा सुरू होताच त्यांनी काठी उचलली. "थांबव. थांबव तिथंच." चित्र दारावर थांबलं. मोठेबाबा उठले, टीव्हीजवळ गेले आणि उंबऱ्यावर काठी टेकवली.

"येथी चपलांचं काय केलं तू? पन्नास पोट्टे येतीन. दारातच ढीग पडीन. माणूस आत जाईन कसा?"

सुरेश पुढे सरकला. "पण मोठेबाबा, गाळ्यायचं काय?"

"तू चूप बस बे! आधी चपलांचं पाहू दे."