आधी माणसं, मग सिमेंट

पापडाचा डबा बघितलाय ना? अख्खे पापड पाहुणे खाऊन जातात आणि तळाला चुरा साठत राहतो. किश्शांचंही तसंच! मोठाल्या गोष्टी शिकलेली माणसं रिपोर्टात लिहून घेऊन जातात, चुरा उरतो स्वयंपाकघरात. माझ्याकडे डबाभर साठलाय. आमचे हे म्हणाले, "किती जणांना तेच तेच सांगशील? लिहून टाक एकदा." घ्या, टाकते. शाळा माझी चौथीपर्यंत. शुद्धलेखन बघायचं असेल त्याने दुसरं घर बघावं!

मी जुलेखा, दापोलीकडची. रियाधला अल मलाझमध्ये आपल्या पुण्या-नाशिकच्या इंजिनियर पोरांना डबे करून द्यायची. आमचे हे व्हॅन चालवतात. मग एकदा कळलं, बुरैद्याच्या पुढे लष्कराच्या छावणीत एका टीमला ड्रायव्हर हवाय आणि स्वयंपाकालाही बाई हवीय. गेलो दोघं.

छावणीत सैनिकांसाठी नवं हॉस्पिटल बांधायचं होतं. पायाला खणायला गेले आणि खाली निघाल्या कबरी. आजा-पणजाच्या नव्हेत, हजारो वर्षांपूर्वीच्या. आता सरकारचा नियम असा, की आधी शिकलेल्या माणसांनी येऊन सगळं नीट काढायचं, मगच बांधकाम. टीमची मोठी मॅडम डॉक्टर हेस्सा, इथलीच सौदी. तिशीतली पोर, अख्खं काम पहिल्यांदाच तिच्या हातात. हाडांची जाणकार आमची नीलिमा, पुण्याची.

पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं करून हेस्सा म्हणाली, "इथला एकही माणूस सिमेंटखाली ठेवून जायचं नाही. एकही नाही!"

आणि त्याच दिवशी लष्कराचे मेजरसाहेब येऊन म्हणाले, "रमजानच्या आधीचा शेवटचा गुरुवार. सकाळी खणायचं मशीन लागणार. जे राहील ते राहील. खलास."

झालं! तेव्हापासून ती पोर धड जेवली नाही.

*

छावणीच्या गेटावर प्रत्येक गाडीची झडती. काढलेली हाडं पेट्यांत भरून आमचे हे गावातल्या गोदामात न्यायचे. एकदा गेटावर नवा शिपाई.

"पेटीत काय?"

आमचे हे साधे. म्हणाले, "माणूस."

शिपायाचा हात बंदुकीवर! मागच्या सीटवरून नीलिमा घाईघाईने म्हणाली, "पुरुष आहे. तीस-पस्तीसचा. उजवा गुडघा दुखत असणार बिचाऱ्याचा."

शिपाई आणखीच घाबरला. काय विचारावं सुचेना, म्हणून रोज जे विचारतो तेच विचारलं, इथे राहायचा परवाना, "इकामा?"

"इकामा कसला साहेब?" आमचे हे म्हणाले. "हा इथलाच. नंतर आलो ते आपण."

शिपायाने झाकण उघडलं, आत बघितलं, हळूच लावलं. फाटक वर केलं. गाडी निघाली तशी मागून ओरडला, "अरे, मोठे आहेत वयाने! पुढच्या सीटवर का नाही बसवलंत?"

*

माझं स्वयंपाकघर खड्ड्यांना लागूनच. तिथून वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. आधी चमचे. मग लहान पातेलं. मग पीठ चाळायची चाळण! माझं डोकं फिरलं. लाटणं घेऊन गेले खड्ड्यावर, तर माझ्या चाळणीतून रहमत माती चाळतोय. रहमत म्हणजे कामगारांचा फोरमन. पठाण, पेशावरकडचा, दाढी मेंदीने लाल.

"खाला, दाँत ढूँढ रहा हूँ."

"तुझे स्वतःचे पाडीन, मग ढूँढ!"

नीलिमा मध्ये पडली. "ताई, मीच दिली. बारीक माती चाळायला एवढी बारीक जाळी मिळेना."

"काय गो, आणि उद्या चपात्या कशाच्या करू? कबरीतल्या मातीच्या?"

चाळण मी परत घेतली नाही. घेऊन करू काय? पण दुसऱ्या दिवशी आमचे हे बेसिनपाशी उभे, "माझा ब्रश कुठाय?"

मी बाहेर बघितलं. नीलिमा खड्ड्यात पालथी पडून ह्यांच्या ब्रशने एका कवटीचे दात घासत होती. पाण्याचा थेंब टाकायची, घासायची, फुंकर मारायची. स्वतःच्या लेकीचे तरी कधी एवढ्या मायेने घासले असतील का!

"तो बघा तुमचा ब्रश," मी म्हटलं. "मागून आणू?"

हे जवळ जाऊन बघून आले. "राहू दे त्याच्याकडे. त्याचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. माझ्या सोळा दातांना बोट पुरे!"

*

मेजरसाहेब दर दोन-तीन दिवसांनी येऊन आठवण करून द्यायचे, गुरुवार, गुरुवार. वाईट माणूस नव्हे. पण बूट हे एवढे, आणि खड्ड्याच्या अगदी काठावर एक पाय ठेवून उभं राहायची सवय. काठ ढासळला तर खालचं सगळं चेपतं. हेस्सा अदबीने सांगायची, मागे व्हा. ते अर्धं पाऊल मागे व्हायचे आणि बोलता बोलता एक पाऊल पुढे.

एक दिवस मी दारातून बघितलं. खाली एका म्हाताऱ्याचं डोकं, वर मेजरसाहेबांचा बूट, आणि माती भुरुभुरु गळतेय. माझ्या हातात पळी होती. अशी ओरडले, "ए! पाय काढ! तुझ्या आज्याच्या डोक्यावर असाच उभा राहतोस काय मेल्या?"

मराठीत ओरडले, दुसरी भाषा रागात येते कुठे! सगळे कामगार जागच्या जागी थिजले. मेजरसाहेबांनी पाय काढला. माझ्याकडे बघितलं, पळीकडे बघितलं. हेस्साला विचारलं, "काय म्हणाली ती?"

हेस्साला कामगारांची हिंदी कळते, पण मराठीचं अक्षर येत नाही. तरी शांतपणे म्हणाली, "चहाला बोलावतेय."

आले बिचारे! माझ्या दारात उभे राहून चहा प्याले, दुसरा मागितला. पुढे कधीही आले तरी आधी माझ्या दाराशी यायचे, चहा घ्यायचे, आणि काठापासून लांब उभे राहून म्हणायचे, "गुरुवार!"

*

आता शिंदेसाहेब. बांधकामाचे इंजिनियर, नाशिकचे. मशीन त्यांच्याच ताब्यात. माणूस देवभोळा. हाडं दिसली की बूट काढून हात जोडायचे आणि मग हळूच विचारायचे, "मॅडम, किती राहिल्यात अजून?" वर मेजर, खाली हेस्सा, मध्ये शिंदेसाहेब. जेवायला माझ्याकडे यायचे. मराठी जेवण मिळतं म्हणून म्हणायचे, पण खरं तर आईचा फोन माझ्या टेबलावर बसून घ्यायला त्यांना आवडायचं. स्पीकर लावून, हात आमटीत.

आई तिकडून म्हणाली, "कबरींवर बांधतोयस म्हणे?"

"कबरींवर नाही गं आई. आधी त्यांना नीट बाहेर काढतात, मग बांधायचं."

"काढून टाकतात कुठे?"

"टाकतात काय! म्युझियमला देतात. एकेकाला वेगळी पेटी, मऊ कापूस, आणि चोवीस तास एसी."

आई म्हणाली, "तुझ्या खोलीतला एसी झाला का रे नीट?"

"नाही अजून. माणूस येतो म्हणालाय."

"मग तू पण सांग त्या मॅडमना. तुलाही काढून ठेवतील!"

मी हसून हसून आमटी सांडली. शिंदेसाहेब नाही हसले. ताटात बघत म्हणाले, "जुलेखाताई, गुरुवारी माझ्याच तोंडून 'चालू करा' निघणार आहे. खाली कुणी राहिलं, तर आईला काय सांगू?"

*

हा किस्सा हेस्साला सांगितलेला आवडत नाही, म्हणून सांगतेच.

संध्याकाळी काम थांबलं की कबर झाडूनपुसून लख्ख करायची, वर ताडपत्री बांधायची, आणि घरी. सकाळी ताडपत्री काढली की आत नवी माती! थोडीच, पण रोज. आणि नवी माती जुन्यात मिसळली की ह्या शिकलेल्या माणसांचा सगळा हिशेब चुकतो म्हणे. हेस्सा आधी म्हणाली वारा. मग म्हणाली कोल्हा. ताडपत्रीच्या कडेला दगड लावले. तरी माती! मग तिला वाटलं, मेजरच मुद्दाम कुणाला तरी पाठवतोय. दोन दिवस ती त्यांच्याशी सलामदुवासुद्धा करेना. मेजर मला विचारायचे, "मी केलं काय?"

शेवटी एका संध्याकाळी ती माझ्या खिडकीच्या आड उभी राहिली. कामगार निघाले. रहमत मागे राहिला. प्रत्येक कबरीपाशी वाकला, ताडपत्रीचा कोपरा उचलला आणि मुठीने माती टाकली. एक, दोन, तीन. मयत दफन केल्यावर आपण तीन मुठी देतो ना, अगदी तशाच.

हेस्सा वाघिणीसारखी धावली. "रहमत! हे काय?"

रहमतला चोरी पकडल्यासारखं काही वाटलंच नाही. "मॅडम, कबर पे आके मिट्टी दिए बगैर कैसे जाएं?"

"आम्ही दिवसभर माती काढायची आणि तू टाकायची?"

"आपकी ड्यूटी निकालने की," रहमत म्हणाला, "मेरी ड्यूटी तो पाँच बजे खतम हो गई."

दुसऱ्या दिवशी हेस्साने प्रत्येक कबरीपाशी एकेक बादली ठेवली. माती द्यायचीय ना, बादलीत द्या. रहमतने विचार केला आणि मान्य केलं. नंतर बाकीचे कामगारही देऊ लागले. आमच्या ह्यांनी दिली. आपले शिंदेसाहेब, त्यांनीही इकडेतिकडे बघून दिली!

सगळ्यांत शेवटी साइटवरून हेस्सा निघायची. मी खिडकीत भांडी पुसत असायची. तिला वाटायचं, कुणाला दिसत नाही.

*

बुधवारी दुपारी सगळ्या कबरी संपल्या. हेस्साने मोजल्या, नीलिमाने मोजल्या. मी गोड करायला घेतलं. तेवढ्यात रहमत अगदी कोपऱ्यात, जिथे मशीन पहिला दात लावणार तिथे, झाडू मारत होता. तो नुसता उभा राहिला. हाक मारलीच नाही. आम्हीच गेलो.

आणखी एक होती. लहानशी. नीलिमाने वरवरची माती काढली आणि खाली बसली. बाई. कुशीवर, गुडघे पोटाशी. आणि पोटाशी तान्हं. बाईचा हात लेकराच्या डोक्याखाली.

"घाई केली तर दोघांचा भुगा होईल," नीलिमा म्हणाली. "मला उद्याचा दिवस लागेल."

हेस्साने मेजरना फोन केला. एकच दिवस मागितला. पलीकडून एवढंच, "माझ्याही वर माणसं आहेत, डॉक्टर. सकाळी यल्ला, चालू करायचं."

गुरुवारी उजाडलं तेव्हा मशीन घुरघुरत उभं. शिंदेसाहेबांचा चेहरा पांढराफटक. नीलिमा आणि हेस्सा आधीच खाली उतरलेल्या. भोवती कामगार, मशीनचा ड्रायव्हर, सगळे पुरुष वरून बघतायत. आणि माझं टाळकं सटकलं!

"लाज नाही वाटत? बाईमाणूस आहे! आपल्यात बाईला कबरीत उतरवताना चादर धरतात, परक्याची नजर पडू नये म्हणून. आणि काढताना तमाशा बघताय काय?"

रहमतला सगळी मराठी कळली नाही, पण चादर कळली. मी पळत जाऊन पलंगांवरच्या होत्या तेवढ्या चादरी ओढून आणल्या. कामगारांनी टोकं धरली, चारी बाजूंनी भिंत केली, आणि सगळे पाठ फिरवून उभे राहिले. मशीनच्या ड्रायव्हरने बघितलं, किल्ली फिरवली. घुरघुर बंद. तोही सीटवर उलटा वळून बसला. शिंदेसाहेब म्हणाले, "मी काही बंद करायला सांगितलं नाही हं!" आणि त्यांनीही पाठ केली.

आत नीलिमाचा ब्रश चालू. हेस्सा पाणी मारतेय. मी चादरीच्या आत, दोघींच्या कपाळावरचा घाम पुसतेय.

मेजरसाहेब आले. त्या दिवशी चहाला थांबले नाहीत. तरातरा येताना बूट ऐकू आले. "मशीन बंद का? कुणी बंद केलं?"

बूट आणखी जवळ आले. आणि मध्येच थांबले.

मी चादरीच्या फटीतून बघितलं. मेजरसाहेबांना चादरी दिसल्या होत्या, पाठमोरी माणसं दिसली होती. नजर खाली गेली. दोन पावलं मागे सरकले आणि त्यांनीही पाठ फिरवली. भर उन्हात.

"किती वेळ?" त्यांनी तसंच पाठमोरं विचारलं.

आतून हेस्सा म्हणाली, "लेकराचं डोकं तिच्या हातावर आहे. हात आधी सोडवायचाय."

ऊन डोक्यावर आलं, तरी ते जागचे हलले नाहीत. मग त्यांचा फोन वाजला. पलीकडचा माणूस त्यांच्याही वरचा असणार, कारण मेजरसाहेब एकदम ताठ झाले. पलीकडचं ओरडणं आम्हाला आतपर्यंत ऐकू येत होतं. मशीन! मशीन! मशीन!

मेजरसाहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले,

"नाही सर, अजून नाही. बाई आहेत इथे... हो सर, घरच्याच... निघतायत, पण तान्हं मूल आहे सोबत. वेळ लागतो, सर!"