कॅप्टनचा मी सांगितलेला शेवट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नाही — म्हणून असेल.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी रविवारी सकाळी टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची. अपघातात हात आणि डोळा गमावलेला एक कॅप्टन. शास्त्रज्ञ त्याला लोखंडी हात आणि दूरवरचं बघणारा डोळा बसवतात. अर्धा माणूस, अर्धं यंत्र. आज बघितलीत तर हसाल. यानाच्या भिंती पुठ्ठ्याच्या, दार आपटलं की हलायच्या. धातूच्या पोशाखाची पाठीवरची चेन चक्क दिसायची. पण कॅप्टन त्या हाताने पहिल्यांदा अंडं उचलतो, न फोडता — त्या रविवारी ठाण्यातल्या कोपरीच्या आमच्या घरात कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

मला ती मालिका आवडायची. आवडायची म्हणजे — ती माझी होती. टीव्ही आमचा, आणि इंग्रजी धड कळणारी त्या खोलीत मी एकटीच. कॅप्टन काही बोलला की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. ते बघणं मला किती हवंहवंसं वाटायचं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

बघायला दोघं नेमाने यायची. समोरच्या बिल्डिंगमधला गिरीश, माझ्याच कॉलेजातला. तो मला आवडायचा. मी कधी बोलले नाही. आणि हेमा, कोळीवाड्यातली, माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या वडिलांकडे मासळीसाठी बर्फ फोडायचं मशीन होतं. दहावीनंतरच्या सुट्टीत त्या मशीनमध्ये तिचा डावा हात गेला, कोपराच्या खाली. मुंबईच्या इस्पितळातून तिला कृत्रिम हात मिळालेला, पण तो ट्रंकेतच असायचा. ती बाही ओढणीखाली लपवून बसायची.

अंड्याच्या त्या भागानंतर पुढच्या रविवारी ती हात लावून आली. आमच्या स्वयंपाकघरातून अंडं मागून घेतलं. खांदा जरा पुढे केला की पट्टा ताणला जायचा आणि बोटं उघडायची. एक अंडं फुटलं. आई म्हणाली, फुटू दे गं, दुसरं घे. दुसरं तिने उचललं — आणि वर धरून हसली. गिरीश उठून उभा राहिला, कडक सलाम ठोकून म्हणाला, "कॅप्टन!"

त्या दिवसापासून माझ्या तोंडाकडे कुणी बघेना. अर्थ मी सांगायचे, पण गिरीश मान वळवायचा हेमाकडे. "कॅप्टन, तुझं काय मत?" तिचं मत! जिला निम्मी वाक्यं कळत नव्हती तिचं!

हात गेलेल्या मुलीचा मत्सर — ऐकलाय कधी? मी केला. रात्रंदिवस केला. ती पट्टा आवळायला लागली की गिरीश अलगद मदत करायचा, आणि मी माझ्या दोन धडधाकट हातांकडे बघत बसायचे. एकदा तर मनात आलं, माझाच हात गेला असता तर? इतकी खाली उतरले होते मी.

मालिका शेवट न दाखवताच बंद पडली. आधी क्रिकेट आलं, मग त्या वेळेला भलतंच काहीतरी लागायला लागलं. आमचा एक प्रश्न राहून गेला. कॅप्टनवर जीव असलेली एक डॉक्टरीण होती. ती नेहमी त्याचा खरा हात धरायची. लोखंडी हात ती कधी धरेल का? हेमा सारखी तेच विचारायची.

डोंबिवलीच्या माझ्या मामाने आखातातून येताना तो शेवटचा भाग टेप करून आणला. मे महिन्यातल्या एका दुपारी मी त्याच्या घरी तो एकटीने बघितला. डॉक्टरीण कॅप्टनचा लोखंडी हात उचलून स्वतःच्या गालाला लावते. बस, एवढंच. मी रडले.

दुसऱ्या दिवशी हेमा गच्चीवर आली. मी टेप बघायला गेले होते, हे तिला माहीत होतं. हात लावलेला.

"गो, गिरीशनी मना लग्नाचं इचारलंय," ती म्हणाली. लाजत होती, घाबरली होती. "मी काय सांगू? नाय, थांब — आधी शेवट सांग. तिनी त्याचा तो हात धरला का?"

"नाही," मी म्हणाले. "धरायला जाते, पण शहारते. हात मागे घेते. मग तो एकटाच निघून जातो."

"शहारते?"

"लोखंड ते. तिचा तरी काय दोष?"

हे शेवटचं मी वर जोडलं. कुणी मागितलं नव्हतं.

हेमा तिथेच, गच्चीच्या कठड्याला टेकून, दातांनी पट्टा सोडवायला लागली. मी मदत केली. गिरीशला तिने नाही म्हणून सांगितलं.

तोंडातून निघून गेलं, असं मी म्हणू शकत नाही. पुढच्याच आठवड्यात मी डोंबिवलीला जाऊन त्या कॅसेटवर टीव्हीवरचा कुठलासा सिनेमा टेप केला. गिरीश मला विचारायला आला, तिला कुणी काही बोललं का? मी म्हटलं, मला काय माहीत. तो नोकरीला बडोद्याला गेला, तिकडेच लग्न केलं. माझ्याकडे त्याने तेव्हाही बघितलं नाही.

नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली आणि त्यावर ती मालिका पुन्हा लागली. मी लग्न होऊन ठाण्यातच, खोपटला राहत होते. हेमाने फोन केला, "आपला कॅप्टन लागतो गो, ये." तिने लग्न केलं नव्हतं, भावाच्या घरी राहून सुकी मासळी विकायची. हात ती परत लावताना मला दिसली नाही. दर रविवारी मी गेले — न जाऊन कसं चाललं असतं? शेवटचा भाग सुरू झाला. डॉक्टरीण खोलीत आली, आणि हेमा उठली. तिने टीव्ही बंद केला.

"हितून पुढचं नको. मना म्हाईत हाय."

एकच वाक्य बोलायचं होतं — लाव गं, बघ. ती माझ्यासमोर उभी होती. भाग अजून चालू होता.

"हो, राहू दे," मी म्हणाले. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगते, हलकं वाटलं.

मग तिने पापलेट तळलं, मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला आणि स्वतः शेपटीकडचा घेतला. मी पोटभर जेवले.