नंदूचा बोलणारा डबा

माझा मावसभाऊ नंदू खरं बोलला, अशी एकच दुपार मला आठवते. त्याच दुपारी मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

नंदू विठ्ठलवाडीला राहतो आणि वस्तू विकतो. (वस्तू म्हणजे, त्याला सुचेल ती.) पूर्वी त्याने अख्ख्या नात्यात काश्मिरी केशर विकलेलं, ते मक्याच्या कणसाच्या रंगवलेल्या शेंड्या निघालं. मग डास पळवणारं यंत्र आणलं. मी ते उघडून पाहिलं, तर आत एक लाल दिवा आणि एक डास. डास जिवंत होता!

असा हा नंदू एकदा डोंबिवलीला आमच्याकडे आला आणि त्याने आईपुढे एक पांढरा डबा ठेवला. "मावशी, माझा स्वतःचा शोध! गॅस लीक झाला की माणसाच्या आधी याला वास येतो. आणि हा चक्क मराठीत ओरडतो!"

"रात्री घोरत पण असेल," मी म्हटलं.

"दादा, तू ना नेहमी असंच करतोस."

आईने बहिणीच्या मुलाची बाजू घेतली आणि डबा स्वयंपाकघराच्या भिंतीवर चढला.

तिसऱ्याच दिवशी तो ओरडला, "मावशी, गॅस लीक! बाहेर पळा!" आवाज साक्षात नंदूचा! आम्ही मायलेक तीन मजले उतरून खाली. बघतो तर काही नाही. आईने हिंगाची फोडणी दिलेली. मग तो उदबत्तीवर ओरडला. मग माझ्या नव्या सेंटवर. (सेंट जरा उग्र होता, कबूल. पण म्हणून घर सोडायचं?) चौथ्या वेळी समोरच्या म्हात्रेकाकू हातातल्या लाटण्यासकट खाली धावल्या. वर येताना त्यांनी ते लाटणं ज्या पद्धतीने धरलेलं, ते पाहून मी लगेच नंदूला फोन लावला.

"ये आणि तुझा भोंगा घेऊन जा!"

रविवारी दुपारी तो आला. मला सणसणीत सर्दी झालेली, नाक पूर्ण बंद, त्यात राग. बाहेरच्या खोलीत आमची जुंपली असतानाच आतून आवाज आला, "मावशी, गॅस लीक! बाहेर पळा!"

"ऐक! ऐक तुझा शोध!"

नंदूने नाक वर केलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "दादा, खरंच वास येतोय रे."

"तुला येतोय ना? म्हणजे नक्की नाही!"

"आईशप्पथ, दादा!"

"केशराच्या वेळी पण आईशप्पथच होती!"

मी तावातावाने स्वयंपाकघरात शिरलो आणि ओट्यावरचा लायटर उचलला. "आत्ता तुझ्यासमोर शेगडी पेटवतो. बघूच काय होतं!"

"बाहेर पळा!" भिंतीवरचा नंदू ओरडला.

"दादा, हात खाली कर!" दारातला नंदू ओरडला.

दोन्हीकडून एकच खोटारडा! मी लायटर शेगडीजवळ नेला, अंगठा दाबणार, तेवढ्यात नंदूने झेप घेतली. लायटर ओट्याखाली, मी फरशीवर, नंदू माझ्यावर.

गडबडीने झोपमोड झालेली आई दारात आली. तिने एकच श्वास घेतला. "मेल्यांनो, गॅस!"

नंदूने रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, म्हात्रेकाकूंचं दार ठोकलं आणि आईला धरून जिना उतरला. मी मागून कठडा पकडून चाललेलो. आपण काय करणार होतो ते दुसऱ्या मजल्यावर माझ्या डोक्यात शिरलं आणि मी पायरीवरच बसलो.

तासाभराने गॅसवाला वरून चिरलेली नळी घेऊन उतरला. मी सगळ्या बिल्डिंगसमोर नंदूचा हात धरला. "चुकलो रे. तुझा डबा खरा निघाला."

नंदू चपलेकडे बघत राहिला. "दादा, डब्यात काहीच नाहीये. नुसती चिप आणि स्पीकर. मनाला येईल तेव्हा ओरडते. वास मला आला. नाकाने."

आईने त्याला एक धपाटा घातला आणि लगेच पोटाशी धरलं.

गॅसवाल्याने खिशातून लायटर काढला. "हा ओट्याखाली पडलेला. एवढा गॅस भरलेला असताना पेटवायला कोण गेलेलं?"

आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा. केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे."