बोटं दाखवायला गेले होते

चौदाव्या वर्षापासून पाळीत माझं इतकं दुखायचं की रहिमतपूरच्या आमच्या घरात मी पोटाशी उशी धरून फरशीवर लोळायचे. आत्या म्हणायची, "लगीन झालं की थांबतंय." लग्न होऊन कडेगावला आले. थांबलं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "पोर झालं की थांबतंय." पोरगी झाली, तिला दात आले, ती शाळेत जायला लागली, दुखणं जागच्या जागी. माझ्या पोटदुखीवर औषध म्हणून आधी नवरा दिला, मग मूल. पुढचा डोस बहुधा जावई.

नवरा फौजेत. तो सुट्टीवर आला की त्याच्या गुडघ्याची चौकशी करायला अर्धी भावकी जमायची. माझं दुखणं बायकांचं, म्हणजे दुखणंच नव्हे.

शेवटी साताऱ्याच्या एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं आणि दुखण्याला नाव मिळालं: एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, पार आतड्यापर्यंत वाढलं होतं. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते. एकोणीस वर्षं केलेली माझी 'नाटकं' खरी निघाली.

दोन वर्षांनी सकाळी उठल्यावर बोटं आखडायला लागली. भाकरी थापता येईना. इस्लामपूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी बोटांकडे न बघताच कॅल्शियम लिहून दिलं आणि म्हणाले, "वजन कमी करा." बोटांचं असावं.

मग सांगलीला संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. सोबत सासूबाई. बाईंनी एकेक बोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "पाळीत फार दुखायचं का?"

सासूबाई दचकल्या. "आवं बाई, आमी बोटं दावाया आलोय. तुमी कुठं निघाला?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझी साताऱ्याची फाईल पहिल्या पानापासून वाचली, रक्त तपासायला सांगितलं. आमवात निघाला. शरीराची राखण करणारी शक्तीच माझ्या सांध्यांवर उठली होती.

"एकामुळंच दुसरं झालं, असं म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण एंडोमेट्रिओसिस असलेल्या बायकांत असले आजार जरा जास्त सापडतात. म्हणून विचारलं."

"म्हंजे हिचं तवा खरंच दुखत हुतं?" सासूबाई म्हणाल्या.

"हो."

सासूबाईंनी माझ्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या मांडीवर घेतली. माझं ओझं त्यांनी उचललेलं मी पहिल्यांदाच बघत होते. आजाराचा तेवढा एक फायदा.

पुढच्या तपासणीला साताऱ्याच्या डॉक्टरांना हे सांगितलं, तर तेच माझ्यावर रागावले. "अहो, बोटं सुजतात हे मला सांगायचं नाही का?" पोटाच्या डॉक्टरला बोटं सांगायची असतात, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

औषधं लागू पडायला तीन-चार महिने गेले. आता मूठ वळते. पोट मात्र अजून अधूनमधून दुखतं. सासूबाई आल्यागेल्याला माझी बोटं दाखवतात. "लय मोठा आजार हाय, सांगलीची डॉक्टर लागती," असं अभिमानानं सांगतात. पोटाचं नाव काढत नाहीत.