शंभर आकडे मोजून निवडलेली गल्ली

बीड जिल्ह्यात जन्मले, बीड जिल्ह्यातच नांदले आणि तरीही शांत घर शोधायला पौषात निघाले. असला गाढवपणा माझ्या नावावर आहे, तो आज कबूल करून टाकते. परवा नात मोबाइलवर ‘शांत एरिया’ शोधत बसली होती, तेव्हा मी इतकी हसले की कवळी काढून हातात घ्यावी लागली.

तेव्हा मी चाळिशीला टेकलेली, प्राथमिक शाळेतली बाई. बी.ए.ला बाहेरून बसले होते आणि दोनदा इतिहासात आपटले होते. दोष अर्थातच माझा नव्हता! आम्ही राहायचो भर बाजारात, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. खाली दिवसभर पातेल्यांचे पोचे ठोकून काढत. “शांत घर मिळालं तर पास होऊन दाखवते, नाही तर पुस्तकं बंबात घालते,” अशी डरकाळी मी अख्ख्या सासरासमोर फोडली. सासर खूष. पाणी तापवायला त्यांना काहीही चालत होतं.

मग आमची वरात निघाली. हे स्कूटरवर पुढं, मी मागं. गल्ली पारखायची माझी पद्धत मोठी शास्त्रीय होती. भर रस्त्यात उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि शंभर आकडे मोजायचे. तेवढ्यात काही ऐकू आलं नाही तर गल्ली पास. हे तोवर तोंड फिरवून बसत, जणू ही बाई त्यांची कुणीच नाही.

पहिल्याच कॉलनीत साठपर्यंत पोचले. एकसष्टला लाइट आली! लोडशेडिंग संपलं होतं. पिठाची गिरणी, बोअरची मोटर आणि चार घरांतले चार टीव्ही एकदमच बोंबलायला लागले. दुसऱ्या कॉलनीत नव्वदला एका काकूंनी मला दंडाला धरून खाली बसवलं. “चक्कर आली काय वो?” मी नाही म्हणेपर्यंत नाकाशी फोडलेला कांदा आला आणि भोवती पंधरा माणसं जमली.

शेवटी नेकनूरच्या रस्त्याला, शहर संपता संपता, एक वस्ती सापडली. शंभर मोजले. खुषीत आणखी शंभर मोजले. नुसतं वारं.

“अगं, सगळ्याच घरांना कुलपं कशी?” हे म्हणाले.

“नोकरदार वस्ती दिसतेय,” मी म्हणाले. काय ती ऐट!

एका ओट्यावर शेळ्यांजवळ एक म्हातारी बसली होती. तिला विचारलं, “आजी, इथं असंच शांत असतं का?”

“आता तरी हाय, बया.”

‘आता तरी’ माझ्या कानात शिरलंच नाही. खरं सांगू? दर वर्षी दिवाळी झाली की माझा अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा. त्यांच्या गैरहजेऱ्या मीच मांडायची. पण त्या पोरांना घरंही असतील आणि जाताना ती घरं कुलूप लावून जात असतील, हे काही या विदुषीच्या डोक्यात आलं नाही.

तिथंच घर भाड्यानं घेतलं आणि अडीच महिने मी स्वर्गात होते. ओट्यावर पुस्तक उघडायचं आणि त्या गार शांततेत तासभर गाढ झोपायचं. याला मी अभ्यास म्हणत होते.

गुढीपाडव्याच्या आधी, पेपर बारा दिवसांवर असताना, सकाळी हॉर्न वाजला. बाहेर येऊन बघते तर ट्रक, ट्रकवर बाजा, हांडे, कोंबड्या, पोरं, आणि मागून बैलगाड्या. दुपारपर्यंत चाळीस कुलपं निघाली. संध्याकाळी दोन लग्नांची हळद एकाच दिवशी लागली आणि दोन्हीकडचे लाउडस्पीकर माझ्या दिशेनं.

तिसऱ्या दिवशी मी पुस्तक हातात घेऊन रस्त्यावर उतरले आणि ओरडले, “जरा हळू बोलता येत नाही का? इथं अभ्यास चाललाय!”

शेजारीण, माझ्याच वयाची, त्या शेळ्यांवाल्या म्हातारीची सून, चूल सारवत होती. तिनं हातही थांबवला नाही. “बाई, पाच म्हैने उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत काढले आमी. आता सोताच्या दारात बी बोलाचं न्हाई का?”

मग तिनंच विचारलं, “कावून वाचाय लागलाव येवढं?”

मी दोनदा नापास झाल्याचं सांगितलं. सगळ्या बाया पोट धरून हसल्या. “पोरान्ला नापास करणारी बाई सोताच नापास!” हसून झाल्यावर ती म्हणाली, “मनात वाचलं की झोप लागती. मोठ्यानं वाचा. आमी बी ऐकतो.”

असा माझा अभ्यास सुरू झाला. गव्हातले खडे वेचत आठ-दहा बाया, आणि मधे मी. दिल्लीची राजधानी उचलून दौलताबादला नेणाऱ्या सुलतानाचा धडा आला तेव्हा तर गोंधळच झाला.

“सगळ्या गावाला बिऱ्हाड उचलाया लावलं? तोडीला नेनारा मुकादमच की मेला!”

“आन् शेरडं कुटं ठिवली लोकांनी?”

“परत आनलं म्हन्ता? मंग नेलंच कशाला?”

पुस्तकात शेळ्यांचा उल्लेख नव्हता. पण माणसं आणि जनावरं घेऊन एवढी वाट चालणं म्हणजे काय, ते त्या मला सांगत बसल्या. पेपरात नेमका तोच प्रश्न आला. सगळी वस्ती माझ्या कानात भांडायला लागली आणि मी पुरवणीवर पुरवणी मागत सुटले.

निकालाच्या दिवशी धावत येऊन शेजारणीच्या हातावर पेढा ठेवला. पास! तिनं पेढा तोंडात टाकला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “पास झालाव, लई बरं झालं. आता दिवाळीला आमी निघालो की तुमी बी बसा टरकात. हितं शांततेत ऱ्हायलाव तर पुना झोपताल.”