‘काका, गाडी ओके आहे’

विहीर उपसली तर पाणी कमी होतं. गाडीच्या दुरुस्तीचे किस्से उपसले तर वाढतात! आपण एक सांगावा, तोच समोरचा म्हणतो, “हे काहीच नाही, आमचं ऐका.” आणि बघता बघता चहा गार होतो.

नंदुरबारच्या बाहेर हायवेला एक मोठं शोरूम आहे. मागे वर्कशॉप, पुढे नव्या गाड्या, आणि मध्ये आम्हा गिऱ्हाइकांना बसायला काचेच्या दाराची एसी खोली. सोफा आहे, टीव्ही आहे, चहाचं मशीन आहे. गेल्या वर्षभरात मी त्या सोफ्यावर जितका बसलो, तितका सख्ख्या नातेवाइकाकडे बसलो नसेन.

तिथंच आमची मंडळी जमली. तापीकाठचे गोविंदभाई, केळीचे बागायतदार. नवापूरकडच्या मार्था सिस्टर, सरकारी दवाखान्यात नर्स. आणि तिसरा मी. आयुष्य मिरचीच्या पथारीवर गेलं, लाल मिरची वाळवण्यात. तिघांच्या गाड्या वेगळ्या, दुखणी वेगळी, सोफा एकच.

*

माझी व्हॅन खरं म्हणजे माझ्या बायकोची.

सुपडाबाईला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. आमचा मुलगा सुरतला साड्यांच्या मिलमध्ये आहे. आईला बसमध्ये चढता येत नाही, म्हणून त्यानं ही सरकत्या दाराची व्हॅन घेतली. मधलं सीट काढून तिथं तिची खुर्ची नीट बसेल अशी जागा करून घेतली. शेजारची दोन माणसं धरली की आम्ही तिला खुर्चीसकट आत ठेवतो.

गाडी आली आणि थोड्याच दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीचा, बेबाचा नवरा वारला. बेबा खांडबाऱ्याला राहते.

आमच्याकडे दुःखाच्या घरी ‘दारवर’ जायची रीत आहे. गळ्यात पडायचं, रडायचं, माहेरचं लुगडं द्यायचं. मोठ्या बहिणीनं तर जायलाच हवं. आणि मोठी दारवर येऊन जात नाही, तोवर धाकटीनं आपलं दुःख घेऊन मोठीच्या दारात पाऊल ठेवायचं नाही. फोनवर भागलं असतं, पण एकीला बोलताच येत नाही. बेबा तिकडून “आक्का, आक्का” करायची, आणि इकडे ही फोन कानाला लावून नुसती श्वास घ्यायची.

ॲम्ब्युलन्स करू म्हटलं, तर तिनं डावा हात जोरजोरात हलवला. बरोबरच आहे. नवरा गेलेल्या बहिणीच्या दारात ॲम्ब्युलन्स उभी करायची?

लुगडं आणलं. ते मांडीवर घेऊन ती व्हॅनमध्ये बसली. गावाची वेस ओलांडली आणि पुढून टक-टक-टक आवाज यायला लागला. मग गाडी गप्प!

*

पहिल्यांदा शोरूमला आणली तेव्हा सर्व्हिसच्या साहेबांनी कॉम्प्युटरची वायर लावली, एक चक्कर मारली. आवाज नाही! दुसरी चक्कर मारली. तरी नाही!

“काका, गाडी ओके आहे.”

“साहेब, गावापासून इथपर्यंत वाजत आली. चारदा बंद पडली.”

“कॉम्प्युटर कुठलाच फॉल्ट दाखवत नाही, काका.”

मी गाडी घेऊन निघालो. गेटच्या बाहेर चाक पडलं आणि टक-टक-टक!

हे सगळं सोफ्यावरून बघणारे गोविंदभाई बाहेर आले. तोवर आमची ओळख नव्हती. कमरेवर हात ठेवून म्हणाले, “बापू, मन्ही गाडी बी अशीच शे. सासरमा एकदम शहाणी! माहेरले गयी का रडाले लागस.”

*

एकदा एसीतून वारा येत नव्हता. एवढ्या उन्हात सुपडाबाईला कसं न्यायचं, म्हणून मी तेही सांगितलं. त्या दिवशी खुद्द मॅनेजरसाहेब आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा. म्हणाले, “मी स्वतः चेक करतो.”

आता आमची गाडी म्हणजे नंदुरबारची गाडी. पथारीवरून चार पोती सुकी मिरची तिच्यातून गेलेली. माझ्या ध्यानात यायच्या आत साहेबांनी काचा बंद केल्या आणि पंखा पूर्ण जोरात सोडला.

काचेआड साहेब दिसत होते. आधी एक शिंक. मग लागोपाठ इतक्या की दाराचं हँडल सापडेना! बाहेर आले तेव्हा डोळे लालबुंद, गालावर पाण्याच्या धारा. मी हात जोडून उभा.

मार्था सिस्टरांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, “चला, आपली गाडी बघून इथं कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं!”

*

गोविंदभाईंच्या गाडीचा उजव्या बाजूचा आरसा फुटला होता. पार्ट पुण्याहून येणार. वाट बघून बघून आला, तो डाव्या बाजूचा! परत पाठवला. पुन्हा वाट बघितली. खोका उघडला तर पुन्हा डाव्या बाजूचा!

गोविंदभाई शांतपणे म्हणाले, “राहू द्या, साहेब. लावा तोच.”

“असं कसं लावता येईल, सर? तो डाव्या साइडचा आहे.”

“मग असं करा. स्टेअरिंग तिकडे नेऊन बसवा.”

सगळे हसले. गोविंदभाई हसले नाहीत. त्यांच्या गळ्यात रोज वेगळा रुमाल असतो, त्या दिवशीच्या रुमालानं त्यांनी तोंड पुसलं आणि मला म्हणाले, “बापू, केळीचा घड चुकीच्या गाडीत भरला तर व्यापारी माझ्या आईबापाचा उद्धार करतो. इथं मात्र मीच ‘सॉरी’ म्हणून घरी जातो.”

*

एक किस्सा मी फारसा कुणाला सांगत नाही.

गाडी घरी आली तेव्हा पूजा झाली. सुपडाबाईचा उजवा हात चालत नाही. तिनं डावा हात हळदीत बुडवून सरकत्या दाराच्या आतल्या अंगाला पंजा उठवला. बाहेर लाव म्हटलं, तर मानेनं नाही म्हणाली. आत, तिच्या खुर्चीसमोरच. अंगठा जरा वाकडा उठला होता. गाडीत बसली की ती त्या पंजाला हात लावून बघायची.

दुसऱ्या खेपेला मी ब्रेकची तक्रार दिली होती. दुपारी साहेब हसत आले. “काका, आज खास तुमच्यासाठी इंटिरियर क्लीनिंग करून दिलंय. एकदम फ्री!”

गाडी नव्यासारखी चमकत होती. आत अत्तराचा वास. दार सरकवलं, तर पंजा नाही. पुसून, घासून, पॉलिश मारून चकाचक!

“कसं वाटलं, काका?”

मी म्हणालो, “छान.”

दुसरं काय म्हणणार? वर्कशॉपच्या पोरानं मन लावून घासलं होतं. वाटेत उतारावर ब्रेक दाबला, तर तो पहिल्यासारखाच खाली गेला.

घरी सुपडाबाई त्या दारावर बराच वेळ हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे बघून हसली. अर्ध्याच चेहऱ्यानं हसते ती आता.

*

तिथला साहेब दर खेपेला नवा. मागचे कुठं गेले विचारलं की “सोडून गेले.” मग गाडीची कहाणी जन्मापासून पुन्हा सांगायची. मला भरभर बोलता येत नाही. माझी कहाणी अर्ध्यावर येते, तोवर साहेबांना फोन येतो. फोन संपला की ते म्हणतात, “हां काका, सुरुवातीपासून सांगा.”

एकदा हे ऐकून मार्था सिस्टर चिडल्या. “अहो, एका पेशंटला इतके डॉक्टर बदलले ना, तर तो पेशंट—”

आणि मध्येच थांबल्या. त्यांना आमच्या घरातली खुर्ची आठवली असावी. उठून त्यांनी मशीनचा चहा आणला आणि माझ्या हातात दिला. साखर जास्त घातली होती.

*

मला सगळ्यात जड जायचं ते घरी परतणं.

गाडी वर्कशॉपला ठेवली की मी बसनं येतो. फाट्यावर उतरतो आणि पायी घराकडे निघतो. सुपडाबाई ओट्यावर खुर्चीत बसलेली असते. वेणी घातलेली, लुगडं मांडीवर. ती रस्त्यावर गाडीचा आवाज ऐकत असते. आणि येतो मी, चपला घासत.

मी म्हणायचो, “पार्ट येई ऱ्हायना. येत्या आठवड्यात नक्की.”

ती मान हलवायची. मग लुगड्याची घडी मोडून पुन्हा घालायला लावायची. एकाच घडीवर कापड कुजतं, असं आमच्या बायका म्हणतात. ती घडी किती वेळा बदलली असेल, देवाला ठाऊक.

बेबाचा फोन आला की मीच घ्यायचो. ती कधी तक्रार करायची नाही. एवढंच म्हणायची, “दाजी, मी दार लावत नही. आक्का कव्हय बी यी.”

*

आता शेवटचा सांगतो.

हिवाळ्यात व्हॅन मिळाली. “काका, आता बिनधास्त जा,” म्हणाले. आम्ही सकाळीच निघालो. माझा पुतण्या गाडी चालवत होता, सुपडाबाई खुर्चीत, लुगडं मांडीवर. नंदुरबार मागे पडलं, खांडबाऱ्याचा रस्ता लागणार, आणि शोरूमच्या गेटसमोर बरोब्बर गाडी बंद पडली! तिला बिचारीला एवढाच रस्ता पाठ.

गोविंदभाई आपल्या आरशासाठी तिथंच होते. ते, वॉचमन आणि वर्कशॉपची पोरं धावली. गाडी ढकलत आत नेली. सुपडाबाईला खुर्चीसकट उचलून एसी खोलीत आणलं आणि सोफ्याशेजारी ठेवलं. ती नुसती त्या काचेच्या दारातून बाहेरचा रस्ता बघत राहिली. लुगड्यावरची डाव्या हाताची मूठ सुटत नव्हती.

मी बेबाला फोन लावला. “बेबा, आम्ही नही येत. गाडी बंद पडनी.”

मग तिनं विचारलं, “आक्का कोठे शे?”

“शोरूममा.”

“ते कोनं घर शे?”

“कोनंच नही. कंपनीनं शे.”

“मंग तठेच बठा,” बेबा म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारच्या पॅसेंजरनं ती नंदुरबारला उतरली. रिक्षा करून आली. गेटपाशी वॉचमननं विचारलं, “गाडी कुठली, बाई?” तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. काचेचं दार ढकलून आत आली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, कपाळ मोकळं.

“आक्का!”

एवढंच म्हणाली आणि खुर्चीपुढे गुडघ्यावर बसून तिच्या गळ्यात पडली.

आमच्या बायका गळ्यात पडून रडतात, ते नुसतं रडणं नसतं. सुरात रडतात आणि त्या सुरात सगळं सांगतात. माणूस कसा आजारी पडला, शेवटचं पाणी कुणी पाजलं, मग घर कसं झालं. बेबा सांगत होती. आणि सुपडाबाई! आवाज गेल्यापासून तिच्या तोंडून धड शब्द निघाला नव्हता, पण बेबाच्या सुरामागे तिचा सूर निघाला. शब्द नव्हते. सूर मात्र अगदी जागच्या जागी, बेबा थांबेल तिथं थांबणारा.

गोविंदभाईंनी उठून टीव्ही बंद केला. कारची किंमत विचारायला आलेलं एक जोडपं दाराशीच थांबलं. वर्कशॉपमधली ठोकठाक कुणी सांगितल्याशिवाय बंद झाली.

किती वेळ गेला माहीत नाही. सुपडाबाईनं लुगडं बेबाच्या खांद्यावर टाकलं. एका हातानं टाकलं, म्हणून ते अर्धं जमिनीवर लोंबत होतं. बेबानं ते उचललं नाही, तशीच बिलगून बसली. सांगणं अजून संपलेलं नव्हतं.

तेवढ्यात सर्व्हिसचे साहेब आले. पुन्हा नवेच. हातात माझी चावी, चेहऱ्यावर आनंद.

“काका, सापडलं! एक वायर लूज होती. गाडी आता एकदम ओके आहे. घेऊन जा.”

मी त्यांना हळूच बाजूला घेतलं.

“साहेब,” मी म्हणालो, “आखो एकदाव दखी ले ना. कोठे ना कोठे आवाज व्हईच.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग सोफ्याकडे बघितलं.

“हां काका,” म्हणाले, “बघावं लागेल,” आणि चावी खिशात घालून परत आत गेले.